पावसाळ्यातली संघबांधणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून ते सप्टेंबर नेरूळ-सीवूड्सची उघडी सिमेंटची बास्केटबॉल कोर्ट शेवाळानं निसरडी होतात. त्यावर मुलांना पळवायचं म्हणजे कुणाचा ना कुणाचा घोटा जायचाच. अमेरिकेत मात्र याच चार महिन्यांत एनबीएचे, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, संघ पुढच्या हंगामाची जुळवाजुळव करत असतात. म्हणून आमच्या रविवारच्या गटात पावसाळ्यात चेंडू बाजूला राहतो आणि कागद-पेन्सिल बाहेर येते. ठाणे, ऐरोली, घणसोलीहून मुलं ट्रान्स-हार्बरनं येतात, चार-चारचे गट पडतात, आणि प्रत्येक गट एनबीएच्या खऱ्या नियमांत बसणारा १५ जणांचा संघ उभा करतो. यंदाचा कागद २०२५-२६ च्या हंगामासाठी आहे.

दर वर्षी मुलं आणि त्यांचे आईवडील तेच प्रश्न विचारतात. तोंडी सांगताना अर्धं राहून जातं. आता गणपती गेलेत आणि तिकडची सराव शिबिरं तोंडावर आलीत, तर उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

संघात नेमके किती खेळाडू असतात?

उन्हाळी सुट्टीत आणि सराव शिबिरात २१ पर्यंत. हंगाम सुरू होताना १५ नेहमीच्या करारावर आणि वर जास्तीत जास्त ३ टू-वे करारावर. टू-वेवाला खेळाडू मुख्य संघ आणि जी लीगमधला (एनबीएच्या खालच्या लीगमधला) जोडसंघ यांच्यात ये-जा करतो. त्याला मुख्य संघासोबत ५० सामन्यांपर्यंतच उतरता येतं, आणि करार बदलून पक्का केल्याशिवाय प्लेऑफ, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्या, खेळता येत नाहीत. म्हणजे शिबिरात घाम गाळणाऱ्या २१ जणांतले किमान तिघे पहिल्या सामन्याआधी घरी जातात. कागदावर नावं खोडताना मुलांना हे जाणवतं आणि ती थांबतात. थांबावं, असं मलाही वाटतं.

सर, सुरुवात कुठून करायची? आधी स्टार निवडायचा ना?

नाही. आधी मिनिटं मांडा.

एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, एका वेळी मैदानात पाच जण. ४८ गुणिले ५, म्हणजे २४० मिनिटं. संघबांधणीत तुमच्याकडे वाटायला खरी वस्तू आहे ती एवढीच. पैसे कमी-जास्त करता येतात, करार लांबवता येतात, पण २४० ची २४१ होत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमांत तर सामना ४० मिनिटांचा, तिथे २०० च मिळतात.

एक साधी वाटणी करून बघा. पहिले पाच: ३६, ३४, ३२, ३०, २८. बेरीज १६०. उरली ८०. ती चौघांना द्या: २४, २२, १८, १६. संपली. नऊ जणांतच २४० मिनिटं गेली, आणि बाकावर अजून सहा जण बसलेत. हे लक्षात आलं की मुलांचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. "हा पण घेऊ, तो पण घेऊ" म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो: त्याला कुणाची मिनिटं देणार? नाव सांग.

सॅलरी कॅप म्हणजे काय?

संघाच्या एकूण पगाराला घातलेली मर्यादा. १९८४-८५ च्या हंगामात सध्याची कॅप पद्धत आली तेव्हा ती ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ साठी ती १५ कोटी ४६ लाख ४७ हजार डॉलर आहे. लीगच्या उत्पन्नावर ती ठरते आणि आता एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही. यंदा ती पूर्ण १० टक्के वाढली.

खालूनही मर्यादा आहे. कॅपच्या ९० टक्के तरी खर्च करावाच लागतो, त्यामुळे मालकाला अगदी हात आखडता घेऊन बसता येत नाही.

मग अनेक संघ कॅपच्या वर कसे असतात? हे नियम मोडणं नाही का?

नाही. एनबीएची कॅप लवचिक आहे. बाहेरचा, करार संपलेला खेळाडू मोकळ्या बाजारातून आणायचा तर कॅपमध्ये जागा लागते. आपलाच खेळाडू ठेवायचा तर कॅप ओलांडता येते. या सवलतीला लॅरी बर्डच्या नावानं बर्ड हक्क म्हणतात. तो बॉस्टन सेल्टिक्सचा. खेळाडू तीन हंगाम करार न तुटता, मोकळ्या बाजारातून संघ न बदलता राहिला की त्याच्या संघाला पूर्ण बर्ड हक्क मिळतो. वाटेत ट्रेड, म्हणजे दोन संघांत खेळाडूंची देवाणघेवाण, झाला तर हक्क त्याच्याबरोबर नव्या संघाकडे जातो. आपल्याकडे सोसायटीत जुन्या बिऱ्हाडाला घर सोडायला लावत नाहीत, त्यामागे जी भावना असते, तीच इथे नियमात उतरली आहे: ज्यांनी माणूस घडवला, त्यांना तो राखायची संधी मिळावी.

याशिवाय मिड-लेव्हल नावाची सवलत आहे. कॅपच्या वर असूनही संघ एखाद्या बाहेरच्याला यंदा १ कोटी ४१ लाख डॉलरपर्यंत पगार देऊ शकतो. फार खर्चिक संघांना तीच ५७ लाखांच्या आसपास मिळते. आणि किमान पगाराचे करार कधीही करता येतात.

कागद भरताना मुलं बर्ड हक्क विसरतात. आपला खेळाडू सोडून त्याच दर्जाचा बाहेरचा आणायला जातात, आणि मग पैसे पुरत नाहीत. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका.

तीन सुपरस्टार घेतले तर काय बिघडलं? जिंकायला स्टारच लागतात ना?

लागतात. एनबीएत मोठा खेळाडू नसलेला संघ क्वचितच जिंकतो, हे मी लपवणार नाही. पण तीन घेतल्यावर काय होतं ते आकड्यांत बघू.

सर्वोच्च पगार अनुभवावर ठरतो: ६ वर्षांपर्यंत कॅपच्या २५ टक्के, ७ ते ९ वर्षांना ३०, आणि १० किंवा जास्त वर्षांना ३५ टक्के. काही सन्मान मिळवलेल्यांना वरची पायरी लवकर मिळते. यंदा ३५ टक्के म्हणजे सुमारे ५ कोटी ४१ लाख डॉलर. असे तिघे घेतले की १६ कोटी २४ लाख. तिघांतच कॅप ओलांडली. आता १२ जागा भरायच्यात. बाराही अनुभवी पण किमान पगारावरचे घेतले, तर प्रत्येकी सुमारे २३ लाख हिशेबात धरतात. म्हणजे आणखी २ कोटी ७६ लाख. बेरीज १९ कोटी. लक्झरी टॅक्सची, म्हणजे जास्त खर्चावर संघाला बसणाऱ्या कराची, रेषा आहे १८ कोटी ७८ लाख ९५ हजारांवर. म्हणजे चौथ्यापासून पंधराव्यापर्यंत सगळे किमान पगारावर आणूनही तुम्ही कर भरणार. आणि मिनिटांच्या हिशेबात? तिघांनी मिळून फार तर १०५-११० मिनिटं खेळली, तरी उरलेली १३० मिनिटं किमान पगारवाल्यांच्या हातात.

फिनिक्स सन्सनं हे प्रत्यक्षात केलं. डेव्हिन बुकर त्यांच्याकडे होताच. २०२३ च्या फेब्रुवारीत केव्हिन ड्युरांट आणला, जूनमध्ये ब्रॅडली बील. तिघेही अव्वल स्कोअरर. पहिल्या वर्षी प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ०-४. दुसऱ्या वर्षी ३६ विजय, ४६ पराभव, प्लेऑफसुद्धा नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात ड्युरांट ह्यूस्टनला गेला. बीलचा करार पैसे देऊन सोडवावा लागला, आणि त्याचा भार पुढची पाच वर्षं, दरवर्षी १ कोटी ९० लाख डॉलरहून अधिक, सन्सच्या हिशेबात राहणार आहे. खेळाडू क्लिपर्सकडे खेळणार आणि त्याची मिनिटं सन्सना मिळणार नाहीत, पगार मात्र त्यांच्या वहीत दिसत राहणार.

पहिला एप्रन, दुसरा एप्रन हे काय प्रकरण आहे?

लक्झरी टॅक्सच्या वर आखलेल्या दोन रेषा. यंदा पहिली १९ कोटी ५९ लाख ४५ हजारांवर, दुसरी २० कोटी ७८ लाख २४ हजारांवर. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या करारात दुसरी रेषा आली, कारण नुसत्या कराला काही श्रीमंत मालक जुमानत नव्हते. आता शिक्षा पैशांपुरती राहिलेली नाही, ती थेट संघबांधणीला बसते. दुसऱ्या एप्रनच्या वर असलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक मोठा खेळाडू आणता येत नाही. मिड-लेव्हल सवलत मिळत नाही. ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही. ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवड गोठते (ती ट्रेडमध्ये देता येत नाही), आणि पुढच्या चार वर्षांत वारंवार वर राहिलात तर ती निवड फेरीच्या शेवटी ढकलली जाते.

बॉस्टनचं उदाहरण ताजं आहे. २०२४ मध्ये विजेतेपद. संघ अप्रतिम, पण जेसन टेटमचा पाच वर्षांचा करार ३१ कोटी ४० लाखांचा आणि जेलन ब्राउनचा ३० कोटी ४० लाखांपर्यंतचा. २०२५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कविरुद्ध टेटमचा अकिलीस स्नायुबंध तुटला आणि पुढचा हंगाम त्याच्यासाठी जवळपास गेल्यातच जमा झाला. मग बॉस्टननं ड्रू हॉलिडेला पोर्टलंडला आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला अटलांटाला पाठवून दुसऱ्या एप्रनखाली यायची वाट धरली. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आजी घरखर्चासाठी वापरायची. विजेत्या संघालाही ती लागू होते हे मुलांना पटायला वेळ लागतो. विजेतेपदाच्या पुढच्याच वर्षी संघ मोडताना बघणं वाईट असतं. ब्राउन आणि हॉलिडे एकमेकांच्या उणिवा किती छान झाकायचे! मला त्या संघाची मनापासून हळहळ वाटते.

ड्राफ्ट म्हणजे सिडकोच्या लॉटरीसारखा का?

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि नवी मुंबईत यावाच. साम्य एवढंच की नशीब असतं. फरक असा की इथे सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्या नसतात. प्लेऑफला न पोचलेले १४ संघ लॉटरीत उतरतात. सगळ्यात वाईट कामगिरीच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी, पुढे ती उतरत जाते. १४ टक्के म्हणजे ८६ टक्के वेळा ती हुकते. मुद्दाम हरून काही मिळेल याची खात्री नको म्हणून २०१९ पासून ही रचना आहे.

२०२५ मध्ये डॅलसची संधी फक्त १.८ टक्के होती. लागली, आणि कूपर फ्लॅग त्यांच्याकडे आला. त्याच फेब्रुवारीत त्यांनी लुका डॉन्सिचला लेकर्सकडे देऊन टाकलं होतं, त्या दुःखात असलेल्या डॅलसच्या चाहत्यांसाठी हे फारच मोठं होतं.

ड्राफ्ट का महत्त्वाचा, तर पगारामुळे. पहिल्या फेरीतल्या निवडीला चार वर्षांचा ठरलेला पगार असतो, त्यातली शेवटची दोन वर्षं संघाच्या मर्जीवर. फ्लॅगला पहिल्या वर्षी सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलर. तो ३५ मिनिटं खेळला, तर तेवढीच मिनिटं ५ कोटी ४१ लाखांच्या खेळाडूकडून घेण्यापेक्षा किती स्वस्त पडली ते तुम्हीच मोजा. उरलेले पैसे बाकावर खर्च करता येतात.

आणि क्रमांकावर जाऊ नका. निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा निवडला गेला, त्याचं नाव आलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. जियानिस अँटेटोकुन्पो १५ वा होता, २०१३ मध्ये. मनू जिनोबिली १९९९ मध्ये ५७ वा.

मग आदर्श संघ कुणाचा समजायचा?

माझं उत्तर: ओक्लाहोमा सिटी थंडर. आणि ही गोष्ट मला पूर्ण सांगू द्या, कारण तिच्यात मुंबईसुद्धा येते.

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज. भारतात झालेले एनबीएचे पहिले सामने. पहिला पेसर्सनं जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला, दुसराही त्यांनीच. तेव्हा पेसर्सकडे डोमँटस सबोनिस होता. तो त्यांच्याकडे आला कुठून? २०१७ मध्ये त्यांनी आपला स्टार पॉल जॉर्ज थंडरला दिला आणि बदल्यात व्हिक्टर ओलाडिपो व सबोनिस घेतले. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीत पेसर्सनं सबोनिस सॅक्रामेंटोला दिला, वरळीत समोर उभ्या असलेल्या त्याच संघाला, आणि टायरीस हॅलिबर्टन आणला.

आता दुसरी बाजू. थंडरनं तोच पॉल जॉर्ज २०१९ च्या जुलैत क्लिपर्सला दिला. बदल्यात आला शे गिल्जस-अलेक्झांडर, तेव्हा एकच हंगाम खेळलेला पोरगा, शिवाय डॅनिलो गॅलिनारी, पाच पहिल्या फेरीच्या निवडी आणि दोन निवडींच्या अदलाबदलीचे हक्क. त्यातल्या क्लिपर्सच्या एका निवडीवर २०२२ मध्ये १२ वा जेलन विल्यम्स आला.

२०२५ ची अंतिम फेरी कुणाची? थंडर विरुद्ध पेसर्स. सात सामने. एका बाजूला शे आणि विल्यम्स, दुसऱ्या बाजूला हॅलिबर्टन. दोन्ही संघांचे आधारस्तंभ एका खेळाडूच्या देवाणघेवाणीतून उगवलेले, आणि तो खेळाडू दोघांपैकी कुणाकडेही नाही. मी पाचव्या सामन्यात विल्यम्सचे ४० गुण पहाटे बघितले आणि फळ्यावर काढलेला तो सगळा बाणांचा नकाशा डोळ्यांसमोर आला. थंडरनं ४-३ ने जिंकलं.

पण त्यांची वाहवा ट्रेडपुरती ठेवू नका. मधली दोन वर्षं २२ विजय-५० पराभव आणि २४-५८ अशी गेली. तेवढा काळ त्यांनी घाई केली नाही. चेट होमग्रेन २०२२ मध्ये दुसरा निवडला. लू डॉर्टला २०१९ च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. एरन विगिन्स ५५ वा. आयझाया जोला फिलाडेल्फियानं सोडला, तो यांनी उचलला. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात दोन नेमके बदल: जॉश गिडी देऊन अ‍ॅलेक्स करूसो घेतला, आणि मोकळ्या बाजारातून आयझाया हार्टेनस्टीन. गिडीपेक्षा करूसो वयानं मोठा आणि गुणांनी कमी करणारा, तरी त्यांनी तो घेतला. का, तर प्लेऑफमध्ये गिडीला मिनिटं देणं अवघड होत होतं आणि करूसोला कुणाहीसमोर उभं करता येत होतं. पुढच्या हंगामात ६८ विजय. आणि एवढ्या संघात शेची सरासरी सुमारे ३४ मिनिटं. बाक इतका भरवशाचा होता की सर्वोत्तम खेळाडूला दमवावं लागलं नाही.

आता त्यांच्याही पगाराचे दिवस येतायत. शेचा चार वर्षांचा २८ कोटी ५० लाखांचा वाढीव करार झाला, होमग्रेन आणि विल्यम्सचेही सर्वोच्च पगाराचे करार झाले. म्हणून यंदाच्या कागदात मी थंडरच्या गटाला एक जादा प्रश्न दिलाय: दोन वर्षांनी यांतला कोण सोडावा लागेल?

खेळाडू एकमेकांना जुळतात की नाही, हे कागदावर कसं कळणार?

पूर्ण कळत नाही. पण कामं लिहिली तर बरंच कळतं. मी मुलांना जागांची नावं, म्हणजे गार्ड, फॉरवर्ड, सेंटर, लिहू देत नाही. कामं लिहायला लावतो.

चेंडू वर आणून डाव मांडणारा ४८ मिनिटं कुणीतरी हवा. तो एक माणूस ३४ मिनिटं करेल, उरलेल्या १४ मिनिटांत कोण? रिंगखाली आडवा येणारा उंच माणूस ४८ मिनिटं हवा. समोरच्या सर्वोत्तम स्कोअररला धरणारा एक हवा, आणि तो फाउलमध्ये अडकला तर दुसरा. मैदान मोकळं ठेवायला थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचे फटके, टाकणारे हवेत. एनबीएत कोपऱ्यातला थ्री २२ फुटांवरून असतो आणि मधला २३ फूट ९ इंचांवरून, म्हणून कोपऱ्यात शांत उभा राहून फेकणाऱ्याला एवढी मागणी आहे. चेंडू हातात नसतानाही जो उपयोगी पडतो, त्याची मिनिटं लावणं सोपं जातं.

दोन वर्षांपूर्वी एका गटानं लीगमधले पाच मोठे स्कोअरर एकत्र आणले, पगारही कसाबसा बसवला. मी एकच बेरीज करायला सांगितली. हे पाचही जण सामन्यात साधारण २०-२० फटके घेतात. झाले १००. एनबीएचा संघ सामन्यात साधारण ९० फटके घेतो. म्हणजे बाकावरच्या कुणी हात लावायच्या आधीच दहा फटके जास्त झाले. त्या गटातल्या एका मुलीनं गप्प बसून दोघांची नावं खोडली आणि तिथे एक बचावपटू व एक रीबाउंडर (हुकलेले चेंडू पकडणारा) घातला. त्या वर्षीचा तो सर्वांत चांगला कागद ठरला.

दहावा ते पंधरावा खेळाडू कशाला? ते तर खेळतच नाहीत.

हा प्रश्न मला लागतो, कारण कॉलेजच्या संघात मी अकरावा होतो.

हंगाम ८२ सामन्यांचा. घोटा, गुडघा, ताप, पाठोपाठचे सामने. नोव्हेंबरात जो अकरावा आहे तो जानेवारीत बऱ्याचदा सातवा होतो. शिवाय सरावात पहिल्या पाचांसमोर उभं राहून त्यांना घाम फोडणारे हेच असतात. करूसोचंच बघा. २०१६ मध्ये त्याला कुणी ड्राफ्ट केलं नाही, २०१७ मध्ये लेकर्सनं त्याला टू-वे करारावर घेतलं. आज त्याच्याकडे दोन वेगवेगळ्या संघांची विजेतेपदं आहेत.

माझी पद्धत अशी: दहावा-अकरावा बारा गावचं पाणी प्यायलेला अनुभवी, जो आज सांगितलं तर आज उतरेल. बारावा ते चौदावा तरुण, ज्यांच्यात दोन वर्षांनी काही दिसेल. पंधरावी जागा मात्र मोकळी. हंगाम चालू असताना कुणी सुटला, कुणी दुखावला, तर हात बांधलेले नसतात. शिवाय १० जानेवारीला उरलेल्या हंगामाचे सगळे करार पक्के होतात, त्याआधी एकदा सगळ्या जागांकडे नव्यानं बघायचं.

मोकळ्या बाजाराची बातमी आपल्याकडे कधी कळते?

३० जूनला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ६ वाजता बाजार उघडतो. आपल्याकडे तेव्हा १ जुलैचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. उठू नका, सकाळी सगळं कळतं. बहुतेक करारांवर सह्या ६ जुलैनंतरच होतात.

मुलींच्या लीगचा कागद का नाही?

यंदापासून आहे, आणि तो जास्त अवघड आहे. २०२५ मध्ये डब्ल्यूएनबीएत संघात ११ किंवा १२ जणी असायच्या, आणि कॅप कडक होती, ओलांडताच येत नव्हती. ती कॅप होती १५ लाख ७ हजार १०० डॉलर. बर्ड हक्काची पळवाट नव्हती, त्यामुळे प्रत्येक चूक लगेच दिसते. सामना ४० मिनिटांचा, म्हणून वाटायला २०० मिनिटं.

ज्यांना कोऱ्या पाटीपासून संघ कसा उभा राहतो ते बघायचंय त्यांनी गोल्डन स्टेट व्हॅल्कीरीज निवडा. २०२४ च्या डिसेंबरात विस्तार ड्राफ्ट झाला, जुन्या १२ संघांनी प्रत्येकी सहा जणींना राखून ठेवलं, उरलेल्यांतून यांनी संघ बांधला आणि पहिल्याच हंगामात प्लेऑफ गाठली. दुसऱ्यांनी न राखलेल्या खेळाडू घेऊन! आणि आपली गीतू अ‍ॅना जोज २०११ मध्ये डब्ल्यूएनबीए संघांच्या चाचण्यांना गेली होती, हेही मुलींना माहीत असावं.

भारतीय खेळाडू एनबीएत का दिसत नाहीत?

दारापर्यंत गेलेत. सतनाम सिंग भामरा, पंजाबचा, २०१५ मध्ये डॅलसनं ५२ वा निवडला. ड्राफ्ट झालेला तो पहिला भारतीय. पण मुख्य संघात सामना मिळाला नाही. त्याच वर्षी सॅक्रामेंटोकडून उतरलेला सिम भुल्लर भारतीय वंशाचा, कॅनडात वाढलेला. अमज्योत सिंग जी लीगमध्ये खेळला. प्रिन्सपाल सिंग २०२१ मध्ये सॅक्रामेंटोच्या समर लीग जिंकणाऱ्या संघात होता.

मला दिसणारं कारण उंचीचं नाही. आपल्याकडे चांगल्या खेळाडूचं भवितव्य वर्षानुवर्षं रेल्वे, पोलीस, सेनादल, ओएनजीसी, बँका यांच्या नोकरीवर उभं राहिलंय. त्या नोकऱ्यांनी खेळाडूंची घरं सावरली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यामुळे वर्षभर चालणारी, रोज मिनिटं देणारी व्यावसायिक लीग उशिरा आली. आयएनबीएल ही भारतातली लीग आता आहे, मुंबईचा संघही त्यात खेळलाय. विशीतल्या मुलाला वर्षाला आठ-दहा सामने मिळतात की साठ, यावर सगळं ठरतं. इथेही प्रश्न मिनिटांचाच आहे.

माझ्या मुलाला खेळायचंय. कागदावर वेळ का घालवायचा?

हे विचारणाऱ्या आईवडिलांचं मला पटतं. खेळ कोर्टवरच शिकायचा असतो, आणि ऊन पडलं की आम्ही कागद गुंडाळतो. पण ज्या मुलानं एकदा २४० मिनिटं स्वतः वाटली, त्याला बाकावर बसवल्यावर तो वेगळा वागतो. गेल्या वर्षी घणसोलीच्या एका मुलाला आंतरशालेय सामन्यात फक्त सहा मिनिटं मिळाली. तो रडवेला झाला नाही. सामना संपल्यावर त्यानं मला विचारलं, "सर, माझी सहा कुठल्या कामाची होती?" मी त्याला सांगितलं: समोरच्या पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू वर आणणाऱ्याला, दमवायची. पुढच्या सामन्यात त्यानं तेच मन लावून केलं आणि त्याला अकरा मिळाली.

कागद कधी आणि कसा जमा करायचा?

डाव्या रकान्यात १५ पर्यंत नावं, मग काम, मग मिनिटं, आणि पगार सर्वांत शेवटी. मिनिटांची बेरीज बरोबर २४० हवी, पगाराच्या बेरजेखाली कुठली रेषा ओलांडली ते लिहा. खोडलेली नावंही पुसू नका, शेजारी कारण लिहा, मला तेच आधी वाचायचं असतं. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या रविवारपर्यंत आणून द्या.

हंगामाचा पहिला सामना आपल्याकडे २२ ऑक्टोबरला, पाडव्याच्या पहाटे ५ वाजता: थंडर विरुद्ध ह्यूस्टन, म्हणजे ड्युरांटचा नवा संघ. ज्यांच्या घरी अभ्यंगस्नान लवकर आटपतं त्यांनी माझ्याकडे यावं. कागद सोबत ठेवा, कोण किती मिनिटं खेळला ते शेजारी टिपत जाऊ.